गोळी बदलणे आणि गोळी सोडणे

रमजान महिना जवळ येऊ लागला की आमच्याकडे औषधांविषयीचे प्रश्न सुरू होतात. साखरेची गोळी सेहरीला घ्यावी की इफ्तारला, बीपीची गोळी रात्री चालेल का, इन्सुलिनचे काय करावे, हे प्रश्न लोक चारचौघांत विचारतात. एक प्रश्न मात्र कोणी चारचौघांत विचारत नाही. सगळे निघून गेल्यावर, आवाज खाली करून तो विचारला जातो. ‘आमच्या एका नातेवाइकाच्या त्या गोळ्या आहेत...’ अशी त्याची सुरुवात असते. ‘त्या गोळ्या’ म्हणजे एचआयव्हीच्या, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

या दबक्या आवाजातले प्रश्न बहुधा दोनच असतात. पहिला : ‘इतकी वर्षे चालू असलेली गोळी दवाखान्यात बदलून दिली, म्हणजे आजार वाढला का?’ दुसरा : ‘रमजानपुरती गोळी बंद ठेवली तर चालेल का?’ गोळी बदलली की माणसे घाबरतात आणि गोळी सोडताना मात्र घाबरत नाहीत. खरे तर भीती उलट बाजूला असायला हवी. डॉक्टरांनी विचार करून औषध बदलणे हा उपचाराचाच भाग आहे. आपण आपल्या मनाने औषध सोडणे म्हणजे उपचार हातचा घालवणे. या दोन गोष्टींतला फरक घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला कळला पाहिजे, म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

एचआयव्हीवर एकाच वेळी तीन औषधे का देतात, हे आधी समजून घेऊ. हा विषाणू रक्तातील पेशींत शिरून स्वतःच्या नकला काढत राहतो. वहीवरून वही उतरवताना मुलांच्या हातून चुका होतात, तशा या नकला काढतानाही चुका होतात. बहुतेक चुकलेल्या नकला निकामी ठरतात. पण एखादी नक्कल अशी निघते की चालू असलेले औषध तिला ओळखतच नाही. ती वाचते आणि पुढे तिच्याच नकला वाढतात. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे पहिले औषध आले तेव्हा हेच घडले. एकट्या औषधाचा गुण काही काळच टिकायचा. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुरू झाली आणि चित्र पालटले. एका औषधाच्या हातून निसटलेला विषाणू दुसऱ्याच्या किंवा तिसऱ्याच्या हाती सापडतो. तिन्हींना एकाच वेळी चकवणारी नक्कल निघणे फार अवघड असते.

पण यासाठी तिन्ही औषधे रक्तात सतत असावी लागतात. गोळी वारंवार चुकली की रक्तातील औषध कमी होते. पूर्ण रोखण्याइतके औषध नाही, पण थोडे आहे, अशा स्थितीत विषाणू वाढू लागतो आणि त्या थोड्या औषधाला पुरून उरणारेच विषाणू मागे राहतात. मग पुन्हा नियमाने गोळी सुरू केली तरी तिचा पूर्वीसारखा उपयोग होईलच असे नाही. डॉक्टर ९५ टक्क्यांहून अधिक नियमितपणा मागतात. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी दोन चुकल्या तर हिशेब ९३ टक्क्यांवर येतो. शाळेत ९३ टक्के मिळाले तर आपण पेढे वाटतो. या परीक्षेत ते कमी पडतात.

ही औषधे आपल्यापर्यंत कशी पोहोचली, हेही मुलांना सांगण्यासारखे आहे. सुरुवातीला अमेरिका-युरोपात तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिप्ला कंपनीची धुरा तेव्हा त्यांचे पुत्र डॉ. युसुफ हमीद यांच्याकडे होती. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केली. साऱ्या जगात खळबळ उडाली आणि किमती खाली येऊ लागल्या. पुढे १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने निवडक रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. आज साताऱ्यात आणि सांगलीत सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात ती मोफत मिळतात.

मोफत उपचारांच्या त्या पहिल्या दिवसांत स्टॅव्हुडिन किंवा झिडोव्हुडिन, त्याबरोबर लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन अशी त्रयी असे. या औषधांनी असंख्य जीव वाचवले, पण त्यांचे त्रासही होते. स्टॅव्हुडिनने काही जणांचे गाल बसत आणि तळपायांची आग होई. चेहऱ्यावरूनच आजार ओळखला जाईल, या धास्तीने माणसे लग्नाकार्यात जाणे टाळत. झिडोव्हुडिनने काहींचे रक्त कमी होई. नेव्हिरॅपिनने पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठण्याचा किंवा यकृताला इजा होण्याचा धोका असे, म्हणून पहिले १४ दिवस ते दिवसातून एकदाच देत आणि मग दोनदा. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. त्यानंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेन्झ ही तिन्ही एकाच गोळीत आली. ती रात्री झोपताना घ्यायची. काहींना तिने चक्कर येई, विचित्र स्वप्ने पडत.

आता यातील एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले आहे. दिवसातून एक गोळी. ती विषाणूचे प्रमाण लवकर खाली आणते आणि विषाणूला तिला चकवणे अधिक अवघड जाते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गोळीला पहिली पसंती दिली आणि आपल्या देशातही जुन्या रुग्णांना टप्प्याटप्प्याने तिच्यावर आणले गेले. अनेक घरांत ‘आजार वाढला’ म्हणून जी भीती पसरली, तिचे मूळ यातच होते. त्या रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता, औषध सुधारले होते. नव्या गोळीने काहींचे वजन वाढते, काहींची सुरुवातीला झोप मोडते. तसे झाले तर केंद्रात सांगावे. झोप मोडत असेल तर सकाळी गोळी घेण्यासारखे साधे उपाय असतात.

औषध बदलण्याची कारणे तीन. पहिले कारण वर सांगितले : अधिक चांगले औषध आले.

दुसरे कारण : चालू औषध त्या माणसाला मानवत नाही किंवा त्याची परिस्थिती बदलली आहे. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून अधूनमधून क्रिएटिनिनची तपासणी करतात आणि गरज पडली तर ते बदलतात. टीबी झाला आणि रिफाम्पिसिन सुरू झाले, तर ते डोल्युटेग्राव्हिरचा अंमल कमी करते. अशा वेळी डोल्युटेग्राव्हिर दिवसातून एकदा न देता बारा तासांच्या अंतराने दोनदा देतात. साखरेचा रुग्ण मेटफॉर्मिन घेत असेल तर त्याचे प्रमाण तपासावे लागते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे जाताना सध्या चालू असलेल्या गोळ्यांची नावे सांगणे आवश्यक आहे. लाजेपोटी ती लपवली तर दोन औषधे एकमेकांचे काम बिघडवतात आणि कोणालाच कारण कळत नाही.

तिसरे कारण सर्वांत गंभीर : औषध काम करेनासे झाले आहे. हे चेहऱ्यावरून किंवा वजनावरून वेळेत कळत नाही. त्यासाठी रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजतात, त्यालाच व्हायरल लोड म्हणतात. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. एका मिलिलिटरमध्ये १,००० पेक्षा अधिक विषाणू आढळले तरी डॉक्टर त्याच दिवशी औषध बदलत नाहीत. ते समुपदेशकाकडे पाठवतात, गोळ्या नियमित घेतल्या जातात का ते पाहतात आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तेव्हाही आकडा तेवढाच राहिला, तर त्या रुग्णाची माहिती तज्ज्ञांच्या समितीपुढे जाते आणि मग दुसऱ्या फळीचे औषध ठरते.

पुष्कळ नातेवाइकांना हा उशीर बेपर्वाई वाटते. ‘औषध लागू पडत नाही तर लगेच दुसरे का देत नाहीत?’ असे ते विचारतात. याचे उत्तर असे की औषधांच्या फळ्या मोजक्या आहेत. सरकारी कार्यक्रमात दुसरी फळी २००८ मध्ये आली, तिसरी त्यानंतर. पुढच्या फळीत बहुधा गोळ्या वाढतात आणि त्रासही वाढू शकतो. पहिली फळी अजून चांगली असताना ती टाकून पुढे जाणे म्हणजे घरात धान्य असताना बियाणे दळून खाणे. गोळ्या घेतल्याच गेल्या नसतील तर औषधाचा काही दोष नाही. तीच गोळी नियमाने घेतल्यावर पुष्कळांचा आकडा खाली येतो.

आता समुपदेशकांपुढे खरे बोलण्याविषयी. केंद्रात गेल्यावर डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतात. ‘इतक्या उरल्या कशा?’ असे विचारतील म्हणून काही जण येताना वाटेतच जास्तीच्या गोळ्या फेकून देतात. यात रागावण्यापासून सुटका होते, पण डॉक्टरांपुढे चुकीचा कागद जातो. माणूस म्हणतो सर्व गोळ्या घेतल्या आणि व्हायरल लोड तर वाढलेला. मग डॉक्टरांना औषध निकामी झाले असेच धरून चालावे लागते. जी फळी दहा-वीस वर्षे साथ देऊ शकली असती, ती एका खोट्यापायी हातची जाते. ‘महिन्यात आठ गोळ्या चुकल्या’ एवढे खरे वाक्य रुग्णाने उच्चारले तर कदाचित औषध बदलावेच लागणार नाही.

पण या गोळ्या चुकतात का? आमच्या पाहण्यात विसरभोळेपणा हे कारण थोड्यांचे असते. मुख्य कारण लपवाछपवी. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील किती तरी घरांचे पुरुष बाहेर असतात. खानापूर, आटपाडीकडील माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेली आहेत. साताऱ्याकडील कष्टकरी मुंबईत माथाडीची कामे करतात. ट्रकवरची मुले पुणे-बंगळूर रस्त्यावर रात्री काढतात. त्यांच्यापैकी काही जण आजार घेऊन घरी येतात आणि ज्या बाईने उंबरठा ओलांडलेला नाही, तिच्या वाट्याला तो जातो. पुढे तोच दोष तिच्या माथी मारला जाईल, या भीतीने ती डबीवरचा कागद खरवडते, गोळ्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते. घरात पाहुणे आले, स्वयंपाकघरात सतत कोणी असले की गोळी राहते. माहेरी चार दिवस जायचे झाले तर गोळ्या सोबत नेता येत नाहीत. मंगनी, निकाह, वलीमा अशा आठवड्यात तर तिला क्षणभर एकांत मिळत नाही. सगळ्या घरात आनंद असतो आणि तिच्या रक्तात विषाणू पुन्हा वाढू लागतो.

याच सांगलीत या बाबतीत शिकण्यासारखे काही घडले आहे. १९९२ पासून संग्राम या संस्थेने गोकुळनगरसारख्या वस्तीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले. त्या स्त्रियांनीच एकमेकींना माहिती दिली, एकमेकींपर्यंत निरोध पोहोचवले आणि १९९६ मध्ये ‘व्हॅम्प’ ही स्वतःची संघटना उभी केली. समाज ज्यांना दारात उभे करत नाही, त्यांनी आजाराविषयी उघडपणे बोलण्याची हिंमत दाखवली. आपल्या इभ्रतदार घरांत मात्र सुनेला तांदळाचा डबा शोधावा लागतो. याचा विचार आपण करायला नको का?

सगळ्या मोहल्ल्याला सांगा, असे आम्ही म्हणत नाही. आजार गुप्त ठेवण्याचा रुग्णाला हक्क आहे. २०१७ मध्ये संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेला कायदा रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा आजार उघड करण्यास मनाई करतो आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करू देत नाही. आमचे म्हणणे इतकेच की घरात निदान एक माणूस तरी असा हवा, ज्याच्यासमोर गोळी लपवावी लागणार नाही. सासू, नणंद, दीर, मोठा मुलगा, कोणीही. वेळ झाली की ‘बेटी, जरा आत जाऊन ये’ म्हणणारे आणि तेवढ्यात चुलीपाशी उभे राहणारे एक माणूस. ही राजदारी म्हणजे अमानत आहे, ती सांभाळली पाहिजे.

आता रमजानचा प्रश्न. जी गोळी दिवसातून एकदाच आहे, तिच्यासाठी रोजा अडत नाही. सकाळी घेणाऱ्याने सेहरीच्या वेळी घ्यावी, रात्री घेणाऱ्याने इफ्तारनंतर किंवा तरावीहनंतर, आणि महिनाभर तीच वेळ पाळावी. टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन-डोल्युटेग्राव्हिरची गोळी जेवणाआधी किंवा नंतर केव्हाही चालते. वेळ बदलण्याआधी केंद्रात एकदा विचारून घ्यावे. इफ्तारला भजी, समोसे खाल्ल्यावर ॲसिडिटीचे औषध घेण्याची अनेकांना सवय असते. काही ॲसिडिटीची औषधे, तसेच लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला शरीरात नीट शोषू देत नाहीत. ही औषधे घेण्याआधी दोन तास किंवा घेतल्यानंतर सहा तासांनी आपली गोळी घ्यावी. हकीमसाहेबांचा धातूंचा कुश्ता चालू असेल तर तोही डॉक्टरांना दाखवावा. कलौंजी आणि मध जरूर घ्या, पण गोळीबरोबर, गोळीच्या जागी नव्हे.

ज्यांना दिवसातून दोनदा औषध आहे, म्हणजे काही दुसऱ्या फळीचे रुग्ण किंवा टीबीचे औषधही चालू असलेले, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सेहरी ते इफ्तार तेरा-चौदा तास जातात आणि मधली रात्र त्याहून लहान असते. काहींना हे चालू शकते, काहींना नाही. ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे. अशक्तपणा असेल, टीबी असेल, उपचार नुकतेच सुरू झाले असतील, तर रोजा न ठेवण्याची सवलत आहे. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला ही मुभा स्पष्टपणे दिलेली आहे. मागाहून कजा करावी की फिदिया द्यावा, हे आलिमांना विचारावे. त्यासाठी आजाराचे नाव घेण्याची गरज नाही. ‘डॉक्टरांनी दिवसा ठरावीक वेळी औषध सांगितले आहे’ एवढे मसल्याला पुरते. अल्लाहने दिलेली सवलत घेताना शरमायचे कारण नाही. गोळी टाकून रोजा ठेवणे ही मात्र जिवाशी जोखीम आहे. ज्यांना काविळीचा ‘बी’ विषाणूही आहे त्यांनी तर विशेष जपावे, कारण टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन त्यालाही आवरून धरतात. ती एकदम थांबली तर यकृताला अचानक सूज येऊ शकते.

एखादी गोळी चुकलीच, तर आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नयेत. कामासाठी परगावी जायचे असेल तर आधी केंद्रात सांगावे. प्रकृती स्थिर असणाऱ्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात, आणि कायमचे जायचे असेल तर नाव तेथील केंद्रात हलवून मिळते.

मूल होऊ देण्याविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. २०१८ मध्ये बोट्स्वानातील एका पाहणीवरून डोल्युटेग्राव्हिरमुळे गर्भाला इजा होते की काय, अशी शंका निघाली होती. पुढे अनेक गर्भवतींची माहिती जमल्यावर ती मावळली. आता गर्भवतींनाही हे औषध देतात. आई नियमित गोळी घेत असेल आणि बाळाला जन्मानंतर सांगितलेले औषध दिले, तर बाळाला लागण होण्याचा धोका अगदी थोडा राहतो. आणि ज्याचा व्हायरल लोड तपासणीत न दिसण्याइतका खाली आहे आणि तसाच टिकून आहे, त्याच्याकडून पती-पत्नीच्या संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. नियमाने घेतलेली एक गोळी अशी दोन पिढ्यांची राखण करते.

म्हणून पुढच्या वेळी गोळी बदलून मिळाली तर घाबरून न जाता तेथेच चार प्रश्न विचारावेत. का बदलली? कोणत्या वेळी घ्यायची? माझ्या इतर औषधांबरोबर ती चालेल का? कोणता त्रास झाला तर लगेच यायचे? उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारावे, तो आपला हक्क आहे. केंद्रात जाणे शक्य नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती मिळते.

रमजानच्या तयारीत आपण डाळी निवडतो, खजूर आणतो, घर झाडून-पुसून घेतो. ज्या घरात ‘त्या गोळ्या’ आहेत, त्या घराने महिन्याच्या गोळ्या पुरेशा आहेत का, हेही चाँद दिसण्याआधी पाहून ठेवावे. अल्लाह सर्व आजारी भावा-बहिणींना शिफा देवो आणि त्यांच्या घरच्यांना समज देवो. आमीन.